अकरा मिनिटांचं रीळ

तेव्हा रीळ अकरा मिनिटांचं असायचं.
अकरा मिनिटं, वर थोडे सेकंद,
की कॅमेऱ्याच्या पोटात फडफड सुरू,
पोरं सायकलच्या चाकाला पुठ्ठा लावतात तशी.

तीन कॅमेरे एका दमात सुरू करू नयेत
हे शेंबड्या पोरालाही कळतं.
आम्हाला कळलं नाही.

टोलेडो, ओहायो. एकाहत्तरचा फेब्रुवारी.
थिएटरचा बॉयलर बंद पडलेला,
लोक ओव्हरकोटात, हात काखेत,
आणि लुएला ग्रँटम बिनबाह्यांच्या हिरव्या झग्यात.
आल्या आल्या म्हणाली,
"कोट काढा. मी आलेय ना."
आणि लोकांनी काढले, खरंच.

चौथं गाणं.
ऑर्गनवाल्याला तिनं हातानंच थांबवलं,
बुटांतून पाय बाहेर काढले,
कुंपणावरून शेजारणीशी बोलावं
तसं पहिलं कडवं बोलून टाकलं.
दुसऱ्याच्या तोंडाशी माझं रीळ संपलं.
डावीकडे विल्बर्नचं संपलं.
बाल्कनीत कॉस्तास नावाचा पोरगा होता,
त्यानं वरूनच मला हात हलवून दाखवला. रिकामा.

मी काळ्या पिशवीत हात घातले, कोपरापर्यंत.
उजेड लागला की फिल्म मेली,
तेव्हा आत सगळं बोटांनीच बघायचं:
कड, भोकं, मधला गाभा.

तेवढ्यात ती वर गेली.
सूर चढला असं म्हणवत नाही,
चढायला पायऱ्या लागतात.
तिनं नुसती जमीन सोडली.
आणि वर, फार वर, तो जरासा उसवला,
शिवणीवर ताण यावा तसा,
आणि त्या फटीतून तिचं वय दिसलं.
दिसलं म्हणतोय. माझं तोंड भिंतीकडे होतं.
समोर आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली,
तीत खोचलेली सिगारेटची थोटकं.
आजही तो सूर आठवला
की मला ती बादली दिसते.

आवाज वेगळ्या यंत्रावर होता, तो पूर्ण मिळाला.
चित्र नाही. बावन्न सेकंद.
इर्मा कोवाल्स्कीनं सगळे डबे उपसले,
आणि एका तुकड्यात तिला सापडली
तिसऱ्या रांगेतली बाई,
निळी टोपी, डोळ्याला रुमाल.
इर्मानं ती तिथे बसवली,
इतकी चपखल की मीही गप्प राहिलो.
तो तुकडा कार्यक्रमाआधीचा.
मी भिंग तपासत होतो,
बाईच्या डोळ्यात पापणीचा केस गेला होता.

पन्नास वर्षं लोक तो चेहरा बघून
आपापले रुमाल काढतात.

परवा त्याच थिएटरात तो चित्रपट
धुऊनपुसून पुन्हा दाखवला.
मला पुढे बसवलं, फूल दिलं.
बाहेर पडताना एक मुलगी आडवी आली,
जनेल टिबेट, तिशीची असेल.
"ती निळ्या टोपीतली माझी आजी. ओझेल.
जीपच्या कारखान्यात सीटा शिवायची.
घरात तिला रडताना कुणी पाहिलं नाही,
आजोबांना पुरलं तेव्हाही नाही.
फक्त इथे. आम्ही थँक्सगिव्हिंगला
जेवणं झाली की दरवर्षी एवढंच बघतो.
तुम्ही होतात ना? काय झालं होतं तिला,
त्या सुराला?"

पापणीचा केस जिभेवर आला माझ्या.
त्याच्याआधी दुसरंच निघून गेलं:
"मी बघत नव्हतो, पोरी.
माझे हात पिशवीत होते."
यात खोटं काही नाही.
त्या बावन्न सेकंदांत तिसऱ्या रांगेत
खरंच काय झालं, कुणी पाहिलंय?

"कसली पिशवी?" तिनं विचारलं.
पिशव्या आता कुठे मिळणार.
मी तिचा कोट मागून घेतला,
मांडीवर पालथा घातला,
बाह्यांच्या तोंडातून हात आत सरकवले.
आत ऊब होती अजून.
बोटं लागली कामाला.